खारोबाची दाढी

खारोबाच्या उजव्या गालावरची बुरशी मी चमच्याने अलगद खरवडत होते. अर्धा चमचा भरला असेल, तेवढ्यात मागून कुणीतरी अगदी शांतपणे विचारलं, “ह्यां काय करतंस गो?”

मागे एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. कमरेला पंचा, हातात फुलांची परडी, वय चाळिशीच्या पुढचं. चोर पकडल्याचा राग त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. उलट तोच अवघडला होता, कुणाच्या तरी घरी नेमका जेवणाच्या वेळी येऊन टपकल्यासारखा.

“नमुना घेतेय,” मी म्हटलं. “बुरशीचा. पुण्याहून आलेय, संशोधन करते.”

“कर मगे,” तो म्हणाला. “पण तां आधी परत लाव.”

“काय?”

“जां काढलंस तां. जंय होतां थंय लाव.”

अशा रीतीने माझ्या कारकिर्दीतली पहिली खरी नवी बुरशी मी चमच्याच्या पाठीने देवाच्या गालावर परत थापली. मग त्याने चमचाही मागून घेतला. देवाला लागलेली वस्तू देवाची झाली म्हणे. चमचा माझ्या मेसचा होता, पण वाद घालण्याची ती जागा नव्हती.

हा लवू गुरव, खारोबाचा पुजारी. गोष्ट माझ्या पीएच.डी.च्या दिवसांतली, म्हणजे माझे केस काळे होते आणि कोकणातल्या त्या गावात फोनला रेंज नव्हती तेव्हाची. जिथे काहीही जगू नये तिथे जगणाऱ्या बुरश्या, हा माझा विषय. मिठागरं, चुन्याच्या भट्ट्या, बॅटरीच्या दुकानांमागची गटारं अशा प्रेक्षणीय स्थळांना मी काचेच्या बाटल्या घेऊन भेटी दिल्या होत्या. पण नवी म्हणून आणलेली प्रत्येक बुरशी शेवटी पावावरची निघायची. माझे मार्गदर्शक टिळेकर सर प्लेट लांबूनच बघायचे आणि म्हणायचे, “वसुधा, हिला आपण ओळखतो.” ते असं काही म्हणायचे की माझीच कुणीतरी आत्या न सांगता प्रयोगशाळेत येऊन बसलीय असं मला वाटायचं. मार्चअखेर शिष्यवृत्ती संपत होती. त्याआधी एक नवी प्रजाती सापडली नाही, तर मला एका बिस्किटांच्या कारखान्यात नोकरी तयार होती. तिथेही काम बुरशीचंच होतं, ती येऊ न देण्याचं.

आणि मग हा खारोबा. खाडीच्या बांधावर चार चिऱ्यांच्या खांबांवर एक छत, आणि त्याखाली माणसाएवढा दगड. अंगावर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर इतका चढलेला, की नाक कुठलं आणि हनुवटी कुठली हे फक्त लवूने सांगावं. शेंदरात शिसं असतं. समोरून अष्टौप्रहर खारा वारा. दुपारी दगड इतका तापायचा की हात टेकवत नसे. त्या दगडाच्या गालांवर आणि हनुवटीवर काळपट हिरवी, दाट, केसाळ बुरशी माजली होती. गाव तिला देवाची दाढी म्हणत होतं आणि देव आता मोठा झाला, पोक्त झाला, असं कौतुकाने सांगत होतं. मी ती बांधावरून पाहिली आणि माझ्या छातीत धडधडायला लागलं. खोटं कशाला बोलू, कुठल्याही मुलाकडे बघून मला तसं कधी झालं नव्हतं.

“देवाच्या अंगावरचां नेवचां तर देवाक इचारूक व्हया,” लवू म्हणाला. “उद्या सकाळी ये. कौल लावया.”

कौल म्हणजे देवाला विचारणं. तगरीच्या दोन ओल्या पाकळ्या देवाच्या दोन गालांवर चिकटवायच्या आणि प्रश्न मांडायचा. उजवीकडची आधी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. चहा पिऊन होईपर्यंत निकाल लागतो, असं लवूने सांगितलं. मला ही पद्धत आमच्या विद्यापीठाच्या समितीपेक्षा बरी वाटली.

गावात मी सुगंधाकडे उतरले होते. सुगंधाची भाताची गिरण होती. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी वारला तेव्हापासून ती एकटी गिरण चालवायची आणि गिरणीच्या आवाजावर मात करायची सवय असल्यामुळे गिरण बंद असतानाही तशीच बोलायची. उद्या माझ्यासाठी कौल लावणार आहेत असं मी तिला आनंदाने सांगितलं, तर ती नुसती हसली आणि भाताची पाटी उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी देवापुढे बरीच मंडळी जमली. बुरशीसाठी गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे मागणं, हा प्रकार कुणी ऐकलेला नव्हता. लवूने हात जोडले आणि एकदम भरदार सुरात सुरुवात केली.

“बा देवा खारोबा म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

“आज ह्यां चेडू पुण्यासून तुझ्या पायाशी इलां हा...”

“व्हय म्हाराजा.”

“तेका तुझ्या गालावरची बुरशी व्हयी हा. ती घेवन तां पुण्याक जातलां, काचेच्या बशीत वाढयतलां, आणि थंयसर तिचां बारसां करतलां...”

“व्हय म्हाराजा.”

माझ्या प्रबंधाचा इतका नेमका सारांश मी स्वतः कधी केला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लवूने पाकळ्या चिकटवल्या आणि आम्ही वाट पाहू लागलो. चहा झाला. दुसरा चहा झाला. लोक एकेक करून कामाला गेले. ऊन डोक्यावर आलं, पाकळ्या कोमेजल्या, पण दोन्हीही जागच्या हलल्या नाहीत.

मी जवळ जाऊन पाहिलं तेव्हा कुठे लक्षात आलं की त्या दाढीत आधीच पुष्कळ पाकळ्या अडकलेल्या होत्या. काही वाळून तपकिरी झालेल्या, काही अर्ध्या विरघळलेल्या. पडायच्या आधी पाकळीला हात लावायचा नाही असा नियम असल्यामुळे सगळ्या तशाच होत्या.

“ह्या कोणाच्या?” मी विचारलं.

लवूला प्रत्येक पाकळी पाठ होती. ही शाळेच्या स्लॅबची. ही मानकरी बाबलकाकांच्या नव्या विहिरीची. ही होडी विकायची की नाही त्याची. गणपतीपासून एकही पाकळी पडली नव्हती आणि गाव आहे तिथे थांबलं होतं. कुणी पाया खणत नव्हतं, कुणी बैल विकत नव्हतं. देवाचा चेहरा एखाद्या कचेरीतल्या टेबलासारखा झाला होता.

“आणि ही? सगळ्यात वरची?”

लवूने बोट मागे घेतलं. “ती आसा एकाची,” तो म्हणाला आणि परडी आवरायला लागला.

ती कुणाची हे मला त्या संध्याकाळी सुगंधाने सांगितलं. लवूच्या लग्नाची. आणि लग्न कुणाशी, तर तिच्याशीच. गावची रीत अशी की आधी देवाला विचारायचं, देवाने हो म्हटलं की मग मुलीकडे जायचं. गुरवाला स्वतःसाठी कौल लावता येत नाही, म्हणून गणपतीच्या दिवसांत बाबलकाकांनी लवूच्या वतीने विचारलं होतं. देव गप्प राहिला. म्हणून सुगंधाला कुणी अजून अधिकृतपणे काही विचारलेलंच नव्हतं. सगळ्या गावाला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, आणि लवू रोज सकाळी गिरणीवरून जाताना मान खाली घालून जायचा.

“तुला विचारलं तर काय सांगशील?” मी म्हटलं.

“इचारूक तरी येवंदेत,” ती म्हणाली आणि विषय संपवला.

पुढचे दोन-तीन दिवस मी भिंग घेऊन देवासमोर बसून काढले. लांबून बघायला कौल लागत नव्हता. भिंगातून सगळं स्वच्छ दिसत होतं. बुरशीच्या बारीक तंतूंवर चिकट थेंब होते आणि ते पाकळ्यांना घट्ट धरून होते. नुसतं धरत नव्हते, हळूहळू खातही होते. शाळेचा स्लॅब तर जवळजवळ पचला होता.

मी धावत लवूकडे गेले आणि सांगितलं की देव गप्प नाही, बुरशी पाकळ्या सोडत नाही. दाढी काढली की सगळे कौल धडाधड पडतील. तुझाही.

त्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, “पण दाढी काढूक कौल व्हयो.”

“हो, पण दाढी आहे तोवर कौल पडणार नाही.”

“व्हय.”

“मग?”

“तांच तां,” लवू म्हणाला.

त्या दिवशी मी पहिल्यांदा रडकुंडीला आले. शिसं, मीठ आणि ऊन पचवणारा तो जीव माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता आणि मधे नियमाचा असा गोल फिरणारा दरवाजा होता. गुपचूप चिमूटभर उचलावी असंही मनात येऊन गेलं. पण सुगंधाने ते माझ्या तोंडावरूनच ओळखलं आणि बजावलं, की तू एसटीत बसून निघून जाशील, मला इथेच राहायचंय. मग मी नाद सोडला.

शेवटी मीच हट्ट धरला की गावाची बैठक घ्या, मी सगळ्यांना समजावते. बैठक देवासमोरच्या वडाखाली भरली. अध्यक्ष अर्थात बाबलकाका गावकर, गावचे पहिले मानकरी. बाबलकाका रुंद, ठेंगणे आणि नियमाचे इतके पक्के, की स्वतःच्या मुलाच्या बारशाला निमंत्रण नाही म्हणून गेले नव्हते, असं गावात सांगायचे. मी फळ्यावर खडूने बुरशी काढली, तिचे तंतू काढले, चिकट थेंब काढले. लोकांनी फार आस्थेने बघितलं. एका म्हातारीने फळ्याला नमस्कारही केला.

बाबलकाकांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, “शेंदूर आमच्या आज्याच्या आज्यापासून आसा. वारोव आसा, ऊनव आसा. इतकी वर्सां बुरशी इली नाय. आताच कित्याक इली?”

हाच प्रश्न मला स्वतःला छळत होता. सोसायची ताकद असणं वेगळं आणि पोट भरणं वेगळं. शिसं आणि मीठ बुरशी सोसेल, पण त्यावर जगेल कशी? तिला काहीतरी खायला लागतं, आणि त्या दगडावर खाण्यासारखं काहीच नव्हतं. मी प्रामाणिकपणे सांगितलं की मला माहीत नाही.

“माका म्हायत आसा,” बाबलकाका म्हणाले. “गणपतीत लवूच्या लग्नाचो कौल लावलो, त्याच दिसापासून देव गप झालो. देवाक ह्यां लगीन नको आसा. विधवेचां नाव काढल्यात आणि सगळ्या गावाचां काम अडकलां. ती पाकळी इसरा. लवून ह्यो इचार सोडूक व्हयो, मगे देव बोलात.”

सुगंधा मागे बायकांत बसली होती. गिरणीवर ओरडून बोलणारी ती बाई त्या वेळी खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. मला इतका संताप आला की खडू हातातच मोडला. चार महिने जिला कुणी एक शब्द विचारला नाही, तिच्यावर आता अख्ख्या गावाचं खापर फुटणार होतं. ते फोडायला निमित्त माझीच बैठक झाली होती.

मी लवूकडे बघितलं. लवू उठला आणि एकही शब्द न बोलता चालता झाला. मला त्याचा इतका राग आला की मी मनातल्या मनात त्याला पावावरची बुरशी म्हणाले. माझ्याकडे याहून वाईट शिवी नव्हती.

पण तो परत आला. हातात नारळाची करवंटी होती आणि ती त्याने दोन्ही हातांनी धरली होती. त्याने ती बाबलकाकांसमोर ठेवली. मी वाकून बघितलं. करवंटीत काळपट हिरवी, दाट, केसाळ बुरशी काठापर्यंत फुगून आली होती, आणि तिच्याखाली शेंदराचा नारिंगी रंग उतरलेला चिकट गूळ दिसत होता.

“ही देवाची न्हय,” लवू म्हणाला. “ही माझी.”

“ह्यां काय?” बाबलकाका म्हणाले.

“गूळ आणि मध. आषाढापासून रोज देवाक लावतंय. गुपचूप. नेमकां तोंड खंय तां शेंदराखाली माकाव कळणा नाय, म्हणान सगळीकडे लावलंय.”

“कित्याक?”

लवूचे कान लाल झाले. “देवाचां तोंड गोड झालां तर व्हय म्हणात असां वाटलां. देव गप ऱ्हवलो तो माझ्या गुळामुळे. तिची काय एक चूक नाय.”

मला एकाच वेळी हसायला आणि रडायला येत होतं. बुरशी काय खात होती ते मला कळलं होतं. या बाबाने आपल्या लग्नाला हो म्हणावं म्हणून देवाला गूळ चारला, त्या गुळावर बुरशी पोसली, आणि त्या बुरशीने त्याच्याच लग्नाची पाकळी धरून ठेवली. पाकळी पडत नाही म्हणून तो आणखी गूळ लावत होता. आणि जो गुरव स्वतःसाठी कौलसुद्धा लावू शकत नाही, त्याने देवाला फितवायचा प्रयत्न केल्याचं भर बैठकीत कबूल केलं होतं. त्याची पूजा काढून घेतली असती तरी कुणी चूक म्हटलं नसतं.

तेवढ्यात मागून सुगंधाचा गिरणीतला आवाज आला. “आषाढापासून?”

लवू तिच्याकडे न बघता म्हणाला, “व्हय.”

“इतक्या दिसांत माका इचारूक एक दिस गावलो नाय तुका?”

“भियालंय,” लवू म्हणाला. “देव नाय म्हणालो तर वरसान परत इचारता येता. तू नाय म्हणालीस तर काय करू?”

सुगंधाने पदर खोचला.

“माझां व्हय आसा,” ती म्हणाली. “आता तुमच्या देवाचां काय तां बघा.”

आणि सवयीने, कुणालाही काही कळायच्या आत, सगळी बैठक एका सुरात म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

बाबलकाकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. नियम तो नियम. चूक झाली होती, आणि चुकीचं काय करायचं हे मात्र गावाला बरोबर माहीत होतं. लवूने देवाला एक नारळ आणि एक कोंबडा द्यायचा, कोंबडा बाबलकाका निवडणार. एवढ्यावर ते मिटलं. मग दाढीचा प्रश्न. बाबलकाकांनी बराच वेळ डोळे मिटून विचार केला. कौल न लावता जे देवाला फासलं ते देवाचं होऊच शकत नाही, असा त्यांनी निवाडा दिला. ते खरकटं. आणि खरकटं धुवायला कौल लागत नाही. त्या निवाड्याला मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

विहिरीवरून घागरी आल्या. मी छताखाली गुडघ्यांवर बसले आणि माझ्याकडच्या सगळ्या बाटल्या उघडल्या. शिशाला, मिठाला आणि उन्हाला न जुमानणारी ती बुरशी विहिरीच्या गोड्या पाण्याने मुकाट्याने सुटली आणि ओघळत माझ्या बाटल्यांत आली. तिच्याबरोबर सगळ्या पाकळ्याही आल्या. शाळेचा स्लॅब, विहीर, होडी असे सगळे जण एकाच लोंढ्यात मोरीकडे गेले. माझ्या आनंदाला पारावार नव्हता. शेंदराच्या पाण्याने माझा सलवार-कमीज कोपरापासून घोट्यापर्यंत नारिंगी झाला होता, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

देव धुऊन निघाला, तेव्हा बाबलकाका पुढे झाले. पहिला कौल लवूच्या लग्नाचा, असं त्यांनीच ठरवलं. छताखाली जागा ती केवढीशी. बाबलकाका देवासमोर उभे होते आणि मी त्यांच्या पायाशी, शेवटच्या बाटलीचं बूच लावत. बाकी सगळं गाव बाबलकाकांच्या रुंद पाठीमागे. त्यांनी गाऱ्हाणं घातलं, दोन पाकळ्या चिकटवल्या आणि हात जोडले. मी वर बघितलं. मागे वळून लवूकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

डावीकडची पाकळी हलली. काठ सुटला, मग सबंध सुटली, आणि पडली.

मला अजूनही शपथेवर सांगता येईल, ती डावीकडचीच होती. उजवीकडची जागच्या जागी होती. सगळं इथे संपलं, असं मला वाटलं. माझ्या बाटल्या भरलेल्या होत्या, माझं काम झालं होतं, आणि तरी मला त्या क्षणी बिस्किटांच्या कारखान्यात गेलेलं परवडलं असतं.

पण पाकळी जमिनीवर पोचलीच नाही. बाबलकाकांचा हात मधे होता. त्यांनी मूठ मिटली, तीर्थ घेतात तशी तोंडाला लावली, आणि जबडा दोनदा हलला.

त्यांनी खाली माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत धमकी नव्हती, विनंतीही नव्हती. फक्त तोंड वेडंवाकडं झालं होतं, कारण पाकळीला शेंदूर लागलेला होता आणि तो कडू असावा.

“काका,” मी ओठांतल्या ओठांत म्हटलं, “शेंदरात शिसं असतं. विष आहे ते. चूळ भरा.”

“चूळ भरलंय तर सगळ्यांका दिसात,” बाबलकाका ओठ न हलवता म्हणाले आणि त्यांनी ते गिळलं.

थोड्या वेळाने उजवीकडची पाकळी तिच्या सवडीने पडली. ती त्यांनी सगळ्यांना दिसेल अशी हातावर घेतली, वळले आणि जाहीर केलं, “उजवो.”

पाठीमागे जो गलका झाला त्यात मला लवू दिसला नाही. सुगंधा दिसली. तिने तोंडावर पदर धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. बाबलकाका दुपारभर कुणाशी बोलले नाहीत. त्यांना देवाच्या दर्शनाने भरून आलंय असं लोक म्हणत होते. मी मात्र त्यांना सुगंधाच्या गिरणीमागे नेऊन तांब्याभर ताक पाजलं. शिशावर ताक हा उपाय नाही. पण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं आणि त्यांना ते आवडलं.

टिळेकर सरांनी माझी प्लेट पहिल्यांदाच जवळ घेऊन बघितली आणि म्हणाले, “वसुधा, हिला आपण ओळखत नाही.” मग आम्ही तिचा छळ सुरू केला. मिठात वाढवली, शिशात वाढवली, भट्टीत ठेवली, बर्फात ठेवली. तिच्या बीजाणूंची मापं काढली आणि जगातल्या तिच्या सगळ्या भावकीशी ताडून पाहिली. ती कुणातच बसत नव्हती. मार्च संपला आणि मी विद्यापीठातच राहिले.

नाव देण्याची वेळ आली तेव्हा सगळ्यांना वाटलं मी देवाचं नाव देईन. लवूला वाटलं होतं त्याचं देईन, गूळ त्याचा होता. सुगंधाने पत्राने कळवलं की माझं नाव बुरशीला दिलंस तर गावात पाऊल ठेवू नकोस. मी बाबलकाकांचं दिलं. का, असं सगळ्यांनी विचारलं, आणि गावातले प्रतिष्ठित गृहस्थ म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं.

छापलेला निबंध द्यायला मी स्वतः गेले. लवू-सुगंधाची मुलगी तोवर रांगायला लागली होती. बाबलकाकांनी चष्मा लावून आपलं नाव लॅटिनमध्ये वाचायचा प्रयत्न केला, निबंध उलटा करून पाहिला, आणि गुरकावून म्हणाले, “बुरशेक माझां नाव कित्याक दिलंस?”

“काका,” मी म्हटलं, “ही बुरशी शिसं पचवते.”

त्यांनी आधी खिडकीकडे बघितलं, मग दाराकडे.

“हळू बोल,” ते म्हणाले.